चेक-इन बॅगेतली बेपत्ता बाटली

स्वतःविषयी स्वतःच बोलणं बरं दिसत नाही, पण दुसरं कोणी बोलत नाही, त्यामुळे माझा नाइलाज आहे. नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी अशी की कधी कधी माझी मलाच भीती वाटते. पोटापाण्यासाठी मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. एक डोळा झाकायचा, दुसरा तपासायचा. मग तो झाकायचा आणि पहिला तपासायचा. "दोन डोळे शेजारी राहतात म्हणून त्यांचा नंबर सारखा नसतो," हे माझं वाक्य गिऱ्हाइकांना पाठ आहे. उरलेल्या वेळात मी गुप्तहेर असतो. माझी बायको माझी सहाय्यक आहे. तिला हे अजून मान्य नाही.

त्या रविवारी आम्ही सासुरवाडीला गेलो होतो, कारण माझा मेहुणा त्याच सकाळी परदेशातून परतला होता. जेवणं झाली, सासरे आतल्या खोलीत आडवे झाले, आणि मेहुण्याने मला खुणेने बाहेरच्या खोलीत बोलावलं. बॅग उघडी पडली होती आणि त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"भावोजी, बाटली नाहीये."

बाटली साधी नव्हती. सासरे, म्हणजे आमचे नाना, तरुणपणी परदेशी द्राक्षांच्या मळ्यावर मजुरीला गेले होते. तिथे त्यांना आपल्या मुलखातलाच एक जिवलग दोस्त मिळाला. नाना परत आले, दोस्त तिथेच राहिला, आणि आयुष्यभर राबून म्हातारपणी त्याने स्वतःचा मळा घेतला. ही त्याच्या मळ्यातल्या वाइनची पहिली बाटली. संध्याकाळी सात वाजता त्याचा फोन येणार होता. तो तिकडे, नाना इकडे, आणि पहिला घोट दोघांनी एकदमच घ्यायचा, असं ठरलं होतं. नानांनी सकाळीच दाढी करून ठेवली होती. दोन पेले, एक आपला आणि एक दोस्ताच्या नावाचा, स्वतः धुऊन, पुसून, उजेडाला धरून पाहिले होते. मेहुण्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

"नानांना हे कळता कामा नये," मी फर्मान सोडलं. "तपास संपेपर्यंत त्यांच्याशी एक शब्दही बोलायचा नाही."

मेहुण्याने आणि माझ्यामागून आलेल्या बायकोने मान डोलावली. माझ्या त्या दिवसाच्या कामगिरीत एवढी एकच आज्ञा तंतोतंत पाळली गेली.

"बॅग कोणी भरली?" मी उलटतपासणी सुरू केली.

"मळेवाल्या काकांनी. मी शेवटच्या दिवशी त्यांच्याकडेच होतो. म्हणाले, तू झोप, विमानातून बाटली न्यायची म्हणजे कशी भरायची ते मला आणि तुझ्या बापाला ठाऊक आहे."

"हे बिनमहत्त्वाचं आहे," मी म्हणालो. "कस्टमवाल्यांनी काढून घेतली असणार."

"एक बाटली चालते भावोजी. आणि कोणी बॅगेला हातसुद्धा लावला नाही. कुलूप होतं तसं होतं."

"म्हणजे कुलूप न उघडता काढली! गुन्हेगार पोचलेला आहे."

बायकोने जांभई दिली. मी तिकडे दुर्लक्ष करून दुसरा सिद्धान्त मांडला. विमान उंचावर जातं, सामानाच्या कप्प्यात हवेचा दाब बदलतो, बूच उडतं, वाइन कपड्यांत मुरते आणि वाळते.

"आणि काच?" बायकोने विचारलं. "तीही वाळली?"

तरी मी हार मानली नाही. बॅगेतला प्रत्येक कपडा हुंगला, मोजेसुद्धा. मोज्यांना मोज्यांचाच वास येत होता. त्यांत एक जाड लोकरी मोजा एकटाच सापडला, त्याचा जोडीदार कुठेच नव्हता. मेहुणा म्हणाला की तो मोजा त्याचा नाहीच. पण मोजा हरवणं हा गुन्हा नव्हे, तो निसर्ग आहे, म्हणून मी तो बाजूला टाकला.

मग मी वजनाचा काटा मागवला. बॅग कवटाळून काट्यावर उभा राहिलो, आकडा पाहिला, त्यातून माझं वजन वजा केलं आणि विमान कंपनीच्या चिठ्ठीवरच्या वजनाशी ताडून पाहिलं. मी हादरलोच. बॅग निघताना होती त्यापेक्षा जड झाली होती!

"बाटली काढून कोणीतरी बॅगेत दुसरं काहीतरी भरलंय!" मी ओरडलो.

"अहो, तुम्ही स्वतःचं वजन किती धरलंत?"

मी सांगितलं.

"ते आपल्या लग्नातलं," बायको म्हणाली. "भरलंय ते बॅगेत नाही, पोटात."

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांच्याकडून एक नवाच धागा हाती लागला. "ते चिखलाचे बूट तेवढे मी दाराबाहेर ठेवायला लावले हं. घरात नकोत."

बूट! मी दाराकडे झेप घेतली. उंबऱ्यापाशी रबरी गमबुटांची जुनी जोडी उभी होती, गुडघ्यापर्यंत येणारी. मेहुण्याला विचारलं, तर म्हणे तेही काकांनीच भरले होते. कशाला, ते त्याला ठाऊक नव्हतं. सकाळी झोपेच्या गुंगीत त्याने दोन्ही एकदम उचलून बाहेर ठेवले होते. मी उजवा बूट उचलला. तळवा पाहिला, वाळलेला चिखल नखाने खरवडला, आत मोबाइलचा उजेड पाडला. रिकामा. नंबर मात्र मेहुण्याच्या पायापेक्षा बराच मोठा.

"या प्रकरणात एक दुसरा माणूस आहे," मी हळूच म्हणालो. "मोठ्या पायांचा. चोर हे बूट घालून आला होता."

"आणि बूट बॅगेत ठेवून अनवाणी गेला?" बायको म्हणाली. "दुसरा बूट नाही बघणार?"

"जोडीतला एक पाहिला की दुसरा कळतो," मी सहाय्यकेला समजावलं.

सात वाजत आले. नाना इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले आणि टेबलावरच्या दोन पेल्यांकडे बघून हात चोळू लागले. मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी वजनाचा काटा पायाने टेबलाखाली सरकवला. तपासाच्या शेवटी इतक्या रिकाम्या हातांनी मी आजवर कधी उभा राहिलो नव्हतो, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

"नाना," मेहुणा कसाबसा म्हणाला, "बाटली..."

पण नानांचं लक्षच नव्हतं. ते उघड्या दारातून बाहेर बघत होते.

"अरे, हे माझे बूट!"

ते तरातरा गेले आणि उंबऱ्यावर बसले. "येताना मुद्दाम ठेवून आलो होतो. म्हटलं, परत येईन तेव्हा घालीन. जाणं काही झालं नाही. या गड्याने इतकी वर्षं सांभाळले की रे!" डोळे पुसत त्यांनी उजवा पाय उजव्या बुटात सारला. झकास बसला. मग डावा घातला. तो अर्ध्यावर अडला.

"पाय जात नाहीये," नाना म्हणाले, आणि एकदम खदखदून हसू लागले. त्यांनी बुटात हात घातला आणि लोकरी मोजा चढवलेली, धडधाकट, तुडुंब बाटली बाहेर काढली.

"मळ्यातली गाडी दगडधोंड्यांतून जायची, बाटल्या फुटायच्या. आम्ही मोजा चढवून बुटात घालायचो. एक फुटली नाही कधी. तुम्ही कुठे शोधत होतात? मला विचारायचं की!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा रिकामा कप उचलून प्यायलो.

फोन वाजला. पडद्यावर एक म्हातारा पेला हातात घेऊन बसला होता. त्याने नमस्कार नाही केला, तब्येत नाही विचारली. पहिलाच प्रश्न केला, "गेला का रे पाय आत?"

"एकच गेला!" नाना ओरडले, आणि दोघेही म्हातारे पोरांसारखे हसत सुटले. बूच उघडलं, पेले भरले, आणि दोघांनी एकदमच घोट घेतला. नाना तो एक बूट पायात ठेवूनच बसले होते.

रात्री घरी परतताना मी बायकोला म्हणालो, "काही म्हण, बुटांपर्यंत तपास मीच आणला."

"दोन शेजारी राहतात म्हणून सारखे नसतात," ती म्हणाली. "कोणीतरी दुकानात रोज सांगतं म्हणे."

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिल्याच गिऱ्हाइकाचा डावा डोळा मी दोनदा तपासला.