चौदा नंबरचा उंदीर

नुकत्याच लागलेल्या पोरीचं, सगळ्यांच्या 'नवी'चं, काम सुंदर असतं, हे प्रयोगशाळेत सगळ्यांनी म्हणून झालं होतं. राहिल्या होत्या फक्त ताई.

उंदराच्या रक्तातलं एक एन्झाइम मोजायचं किट अठरा वर्षं ताईंच्या हातचं; आता ते नवीकडेही आलं होतं. प्रत्येक नमुना प्लेटच्या दोन खळग्यांत घालायचा आणि दोन्हींचा आकडा जुळला पाहिजे. ताईंचा बहुतेकदा जुळायचा. नवीचा मेला दर वेळी.

"काय जादू करतेस गं?"

"जादू कसली, तुमचंच बघून शिकले."

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ही आकडे मनानं भरत असणार. नवी जेवायला गेली तशी त्यांनी चौदा नंबरची नळी खिशात टाकली आणि तिच्या जागी तशाच रंगाचं नुसतं द्रावण भरलेली नळी ठेवली. आता भर म्हणावं आकडा.

नवीनं भरला. दोन्ही खळग्यांत शून्य.

प्रयोगशाळेचे प्रमुख सर खुर्चीतून उठले. "या उंदरात हे एन्झाइमच नाही. जन्मात पाहिला नाही असा उंदीर."

संध्याकाळपर्यंत चौदा नंबरला स्वतंत्र पिंजरा आणि मऊ बिछाना मिळाला. दुसऱ्या दिवशी ठरलं, परिषदेत नवीच बोलणार. ताईंना आता उंदराचाही हेवा वाटायला लागला.

तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "ताई, एकदा तुमच्या हातानं करून द्या. चौदाचं ताजं रक्त घ्या."

आकडा आला तो चारचौघा उंदरांसारखा.

"म्हणजे पोरीनं घोळ घातला," सर म्हणाले. "किट काढून घेतो तिच्याकडून."

ताईंना हवं होतं ते हेच. पण नवी मान खाली घालून पुटपुटली, "चुकले असेन मी," आणि ताई पुढे आल्या.

"ती नाही चुकली. नळी मी बदलली होती. आत नुसतं द्रावण होतं."

सरांनी नवीकडे बोट केलं. "हिला माहीत नव्हतं?"

"नाही."

"तरी हिनं दोन्हीकडे शून्य दाखवलं. मग आणखी कसली परीक्षा घ्यायची? उद्यापासून सगळी किटं हिच्याकडे. तुम्ही पिंजरे बघा."

बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं, "रागावलीस?"

"रागावणार नाही तर काय? त्या शून्यापायी दोन रात्री डोळा लागला नाही माझा." नवीनं ताईंच्या हातातला आजच्या निकालाचा कागद ओढून घेतला. दोन्ही आकडे दशांशापर्यंत सारखे. तिनं ते पुन्हा एकदा वाचले.

"माझे इतके तंतोतंत कधी आले नाहीत," ती म्हणाली, आणि कागद जरा जोरातच परत दिला.

आठवड्यात पहिल्यांदाच ताईंना सणसणून भूक लागली.