झाकणाशिवाय दोन तास दहा मिनिटं

माणसाने गुरुत्वाकर्षणावर विजय मिळवला त्याला शंभरेक वर्षं झाली. बावीस महिन्यांच्या मुलावर तो अजून मिळवायचा आहे. हे दोन्ही प्रयोग एकाच वेळी, एकाच बंद नळीत, कमरेला पट्टे बांधून करायची सोय मानवजातीने केली आहे. तिला सहकुटुंब विमानप्रवास म्हणतात.

नियमानुसार दोन वर्षांखालचं मूल पूर्ण प्रवासी नसतं. त्याला खुर्ची नाही, खिडकीचा हक्क नाही, तक्रारवहीही नाही. ते मांडीवर बसेल असं गृहीत धरलेलं आहे. (गृहीत धरणाऱ्याला मूल नसावं. किंवा असलंच, तर ते कायम त्याच्या बायकोच्या मांडीवर असावं.)

आजींच्या घरी या प्रवासाची तयारी एकवीस दिवस आधी सुरू झाली. मुलगा एका मोठ्या गोदामात स्टोअरकीपर, सून औषधांच्या दुकानात. तो प्रत्येक वस्तूला क्रमांक देई, आणि ती त्याखाली 'दिवसातून किती वेळा' ते लिही. अशा दोघांच्या संसारात कुठलीही वस्तू कधी हरवत नाही. ती फक्त वेळेवर मिळत नाही.

खुद्द आजी कुठला ना कुठला नेम पाळणाऱ्या. या खेपेचा नेम मात्र अन्नपाण्याचा नव्हता. शंभर दिवस 'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, असा होता. उपवास करणं त्यामानाने सोपं. पोट ऐकतं, जीभ ऐकत नाही. नेमाआधीची त्यांची सरासरी दिवसाला सहा होती. (रविवारी अकरा. मुलगा घरी असतो.)

कारण तसंच होतं. लेकीने भरतकामाचं दुकान काढलं आणि वर्षभरात ते बसलं. तिने रडत फोन केला, तेव्हा आजींच्या तोंडून पहिल्यांदा हे वाक्यच निघालं. तीन शब्द. लेक "बरं" म्हणाली, आणि पुढे आठ महिने तिने आईला फोन केला नाही. मग एक दिवस भावाला तिचा निरोप आला: सगळे या, आईलाही आण. तेव्हा आजींचा नेम निम्म्यावर आला होता. प्रवासाची तारीख त्यांनीच सुचवली, बरोबर शंभराव्या दिवसाची. कारण म्हणून गुडघा पुढे केला. शंभर दिवस जीभ राखली, तरच त्या लेकीसमोर उभ्या राहणार होत्या. नाहीतर कोणत्या तोंडाने?

नेम बोलून दाखवला की त्यातलं पुण्य निम्मं होतं, म्हणून घरात कोणालाच याचा पत्ता नव्हता. परिणामी सून दोनदा नवऱ्याला म्हणाली होती, "आईंना एकदा डॉक्टरांकडे न्यायला हवं. परवा दूध उतू गेलं, तरी काही बोलल्या नाहीत."

आता झाकणाचं. नातीला घरात भिंगरी म्हणत, आणि भिंगरीचं सारं जग एका झाकणात मावत असे. साखरेच्या जुन्या डब्याचं निळं झाकण, एका कडेला चावलेलं. घरात त्रेचाळीस खेळणी होती. धूळ धरण्याचं काम ती चोख करत. पण झोप, जेवण, औषध आणि रडं आवरणं, ही चारही खाती झाकणाकडे.

बॅगा भरल्या त्या सकाळी भिंगरी झोपलेली होती. मुलाने तिच्या उशाशी पडलेलं झाकण उचललं, उलटसुलट करून पाहिलं, आणि स्वयंपाकघरातून डबा आणून त्यावर ते घट्ट बसवलं.

"अरे, तेवढं झाकण हातातल्या पिशवीत राहू दे," आजी हळूच म्हणाल्या.

"आई, झाकण एकीकडे आणि डबा एकीकडे असा माल मी आजवर हलवू दिलेला नाही. बिनडब्याचं झाकण ही अपूर्ण वस्तू असते."

"पोर मागेल रे."

"मागू दे की. यादीत आहे. सतरा नंबर."

सदर डबा, त्यावरील झाकणासह, मोठ्या बॅगेत गेला. मोठी बॅग विमानतळावर पट्ट्यावरून डुलत डुलत भिंतीतल्या भोकात गेली. आजींनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली आणि पदराचं टोक तोंडाशी धरलं. सुनेला वाटलं, त्यांना भरून आलंय.

विमान उडालं. अठरा मिनिटं सगळं आलबेल होतं. मग भिंगरीने सुनेच्या मांडीवरून हात पुढे केला आणि शांतपणे म्हणाली, "झाका."

मुलाने खिशातून यादी काढली. सतरा नंबरवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं आणि तोंडाचा रंग मात्र निघून गेला. झाकण पायाखाली होतं, अगदी सरळ रेषेत, तीन-चार हातांवर. फक्त मध्ये विमानाची जमीन होती.

"झाका," भिंगरी पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा ती म्हणाली नाही, तिने जाहीर केलं.

मूल रडू लागलं की विमानातल्या प्रवाशांचे तीन वर्ग पडतात. पहिले वळून पाहणारे. दुसरे न वळता पाहणारे. तिसरे 'आमच्या वेळी मुलं अशी नव्हती' असं म्हणणारे. यांच्या आया आता हयात नसल्याने विधानाची शहानिशा होत नाही. शेजारच्या गृहस्थांनी कानांवर जाडजूड गोल यंत्र चढवलं, थोड्या वेळाने काढून त्याची बटणं तपासली, आणि पुन्हा चढवलं.

"नक्की काय हवंय तिला?" विमानातली ताई वाकून म्हणाली.

"झाकण," सून म्हणाली.

"कशाचं?"

"कशाचं नाही हो. नुसतं."

ताईने कॉफीच्या पेल्याचं झाकण आणून दिलं. ते दोन रांगा पुढे जाऊन पडलं. मग काय झालं कोण जाणे, पण विमानाला पाझर फुटला. मागून कोणीतरी बाटलीचं बूच पाठवलं. एका बाईंनी तोंडाला लावायच्या मलमाच्या डबीचं झाकण दिलं ("धुतलंय हो मी"), एका छायाचित्रकाराने कॅमेऱ्याचं दिलं, एका म्हाताऱ्यांनी कवळीच्या डबीचं. एकूण सतरा झाकणं गोळा झाली. मुलाने सवयीने प्रत्येकाची नोंद केली, मालकाच्या खुर्चीच्या नंबरासह. भिंगरीने प्रत्येक झाकण हातात घेतलं, कडेला चावून पाहिलं, आणि नापास केलं. परीक्षक म्हणून तिने कुठेही पक्षपात केला नाही.

तासाभराने मुलाने यादीची घडी केली, खिशात ठेवली आणि आजींकडे वळला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"म्हण."

"काय?"

"तुला माहितेय काय ते. म्हणून टाक एकदाचं, आई. तू म्हटलं नाहीस तर मला सुटल्यासारखंच वाटणार नाही."

सूनही पाहत होती. शेजारच्या गृहस्थांनी कानावरचं यंत्र एका बाजूने उचललं. वाक्य आजींच्या जिभेच्या शेंड्यावर येऊन, चपला काढून बसलं होतं. शंभर दिवसांत इतकं साजेसं, इतकं हक्काचं, इतकं पिकलेलं कधी आलं नव्हतं. आणि या खेपेला तर ऐकणाराच मागत होता.

आजींनी ते वाक्य गिळलं. ते गिळायला विमान वर चढतानापेक्षा जास्त त्रास झाला.

"पोरीला दे इकडे," त्या म्हणाल्या. "आणि तू जरा पाणी पी. सकाळपासून घोटभर प्यायला नाहीस."

भिंगरी त्यांच्या खांद्यावर पुढचा तासभर रडली, कमी-जास्त. त्यांनी तिला गप्प केलं असं नाही. विमान टेकलं तेव्हा ती झोपली. (मुलं नेहमी तेव्हाच झोपतात. यामागचं शास्त्र अजून कळलेलं नाही.)

बाहेर लेक उभी होती. बारीक झालेली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, तेवढ्यात मुलाने जमिनीवरच मोठी बॅग उघडली, डबा काढला आणि झाकण उचकटलं. मग त्याने बहिणीला सगळी हकिगत सांगितली, कवळीच्या डबीपर्यंत. लेक हसून हसून डोळे पुसायला लागली. आणि मग थांबली.

"आई, तू ह्याला म्हटलं नव्हतंस, झाकण जवळ ठेव म्हणून?"

शंभरावा दिवस मावळायला अजून तासभर होता.

"मी?" आजी म्हणाल्या. "छे गं. मला तरी कुठे सुचलं." (खोटं न बोलण्याचा नेम त्यांनी धरलेला नव्हता. एका वेळी एकच.)

लेकीने आईकडे जरा निरखून पाहिलं. मग आईच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. "चला, घरी," ती म्हणाली. "दुकानाचं काय काय झालं ते सांगायचंय तुला. सगळं."

आजींचा नेम असा पार पडला. राहता राहिले आपण. झाकण घट्ट बसून मोठ्या बॅगेत गेलं, त्याच क्षणी आपण मनात काहीतरी म्हटलं होतं. आणि भिंगरीने हात पुढे केला तेव्हा समाधानाने मान हलवून तेच पुन्हा म्हटलं. नेमके शब्द आम्ही विचारत नाही. फक्त एवढंच, की आपल्यालाही फोन न करणारं कोणी असेल, तर मोजणी आजपासून सुरू करता येते.