एक वाजताचा वास

माहिती हीच कंपनीची खरी संपत्ती असते. यंत्रं आणि माणसं तिच्या देखभालीसाठी ठेवलेली असतात. हे सत्य बोईसरच्या एका कापड-रंगांच्या कारखान्याला उमगलं आणि प्रदीप डेटा अधिकारी झाला. तात्पुरता. डेटामधून एक तरी नवकल्पना निघाली तर परमनंट, नाहीतर नमस्कार, असं मॅनेजर मेहुलसाहेबांनी बजावलं होतं.

आसपासच्या वस्तीतून वासाच्या तक्रारी येत होत्या. म्हणून वासमापक आणला. तो आधी मागच्या नाल्यावर बसवला, पण तिथल्या वासानं बंद पडला. (यंत्र नाजूक असतं, नाल्यापलीकडचे लोक त्या मानाने टिकाऊ.) मग तो कॅन्टीनमध्ये आला आणि लगेच गुण दाखवू लागला. रोज दुपारी एकला आलेख थेट छताला!

एकला कारखान्यात दोन गोष्टी उघडत : नाल्यात सांडपाणी सोडणारा व्हॉल्व्ह आणि पॅकिंगमधल्या दीपाचा डबा. व्हॉल्व्हची नोंद कॉम्प्युटरवर नव्हती, तेव्हा तो डेटा ठरत नव्हता. डबा मात्र सर्वांना दिसत होता. त्यात सातपाटीची सुकट असे. (ती प्रदीपही रोज मागून खाई, पण आवड आणि पुरावा यांत त्याने गल्लत केली नाही.)

प्रदीपने दीपाला केबिनमध्ये बोलावलं.

"काय परदीपशेट, काल बोटं चाटीत होते तवा वास नाय आला?" ती म्हणाली. "आनि नाला जांबळा वाहातो, तो पन माज्या सुकटीनं का?"

प्रदीपने खाली बघत टाइप केलं : 'कर्मचारी भावनिक. डेटाविषयी जागृतीची गरज.'

सुकटीवर बंदी आली. दुसऱ्या दिवशी एकला आलेख पुन्हा छताला. प्रदीपच्या नाल्यापलीकडच्या सरावलीतल्या खोलीचं भाडं, बायको सपनाला दिलेला परमनंटचा शब्द, सगळं त्या एका रेघेवर लटकलं होतं. पण नवकल्पना सातत्याने करायची असते. त्याने वासमापक मेहुलसाहेबांच्या एसी केबिनमध्ये हलवला. तिथे यंत्राला वास आला नाही. (साहेबांनाही कधी आलेला नाही.)

वास शून्यावर आला, प्रदीप परमनंट झाला. संध्याकाळी सपनाने खिडक्या लावून घेतल्या आणि पेढा दिला. दीपा हल्ली गेटबाहेर, नाल्याच्या काठाला बसून जेवते. तिथे कोणाची हरकत नाही.

तुम्हाला अतिशयोक्ती वाटत असेल, तर कपाटातला एखादा जांभळा कपडा काढा आणि नाकाशी धरा.

नाही ना येत वास? मग आकडे बरोबरच आहेत.