तुमी म्हणाल ती बस

जहाजावरच्या जेवणघरात चौघं समोरासमोर बसली होती आणि आधी घास कुणी घ्यायचा, हे ठरत नव्हतं. गोपाळराव मुलीकडचे, तेव्हा त्यांनी आधी हात घालणं बरं दिसणार नव्हतं. अनिरुद्धराव मुलाकडचे, पण वरपक्षाचा तोरा दाखवला असं वाटू नये म्हणून तेही ताटाकडे बघत बसले होते. शेवटी शालूबाईंनी, म्हणजे अनिरुद्धरावांच्या मंडळींनी, सरळ पापड मोडला आणि दोन्ही पक्षांची सुटका झाली.

मुंबईहून कोचीला जाणारी ही समुद्रसहल पोरांनी घडवून आणली होती. गोपाळरावांची मधुवंती आणि अनिरुद्धरावांचा चिन्मय यांचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. त्या लग्नात फेटे बांधताना अनिरुद्धरावांचे थोरले भाऊ तेवढे राहून गेले. भर मांडवात वराचा काका बोडक्या डोक्यानं हिंडला आणि गोपाळरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या पत्नी नीलांबरीबाई तिथल्या तिथे विहीणबाईंशी बोलायला निघाल्या होत्या, पण गोपाळरावांनी त्यांना अडवलं. "मानपानाचं आमी पाहू," ते म्हणाले, "तुमी बायका मधी बोलू नका." त्यानंतर व्याही गोपाळरावांच्या गावी, सिद्धेश्वरला, एकदाही फिरकले नाहीत. मधुवंतीला सासरी यावरून कुणी काही ऐकवत असेल का, या विचारानं गोपाळरावांना ताक पचेनासं झालं होतं. जहाजावरून रुसून उठून जाता येत नाही, म्हणून पोरांनी ही जागा निवडली असावी.

दुसऱ्या दिवशी कोचीला जहाज थांबणार होतं. उतरल्यावर काय बघायचं, ते आजच सांगायचं होतं. दोन बस होत्या. निळ्या बिल्ल्याची बस खाडीतल्या होडीसफरीला जाणार होती आणि पिवळ्या बिल्ल्याची जुन्या मसाले बाजारात.

आता गोपाळरावांची सगळी नोकरी सिद्धेश्वर धरणावर गेली होती. पाणी किती चढलं, किती सोडलं, हे बघता बघता त्यांचे केस पिकले. सुटीत आणखी पाणी बघायचं म्हणजे त्यांना ओव्हरटाइम वाटला असता. बाजार मात्र त्यांना मनापासून आवडे. याउलट अनिरुद्धराव वसमतचे हळदीचे आडते. जन्म पोत्यांच्या धुळीत गेला, आणि आता हळदीचा नुसता वास आला तरी शिंकांची माळ लागायची. पाण्यात होडी, होडीत आपण आणि आसपास एकही पोतं नाही, एवढंच त्यांचं स्वप्न होतं.

म्हणजे दोघांनी खरं बोलायचा अवकाश होता. पण खरं बोलतील तर ते व्याही कसले?

"इवाई, आपुन मसाल्याचा बाजार पाहू," गोपाळराव म्हणाले. "तुमी हळदीचे मानसं. तुमाला तेच बरं वाटंल."

"माझं सोडा हो," अनिरुद्धराव म्हणाले. "तुमचा जन्म पाण्यापाशी गेला. आपुन होडीतच बसू."

"न्हाई न्हाई, बाजार."

"माझं ऐका, पाणी."

दोघंही स्वतःला हवं तेच मागत होते आणि ते समोरच्यावर उपकार म्हणून मागत होते. इतकं सोयीचं भांडण व्याह्यांच्या नशिबी क्वचितच येतं. पण ते मिटलं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या जोडीची नावं आपापल्या बसला दिली आणि सकाळपर्यंत समोरच्याचं मन वळवू असं ठरवलं.

खोलीत आल्यावर गोपाळरावांना घाम फुटला. व्याही एवढे पाणी पाणी करून राहिले, म्हणजे त्यांना पाणीच हवं असणार. आपण बाजार धरून बसलो, तर फेट्यानंतर हा दुसरा अपमान. नीलांबरीबाई काही सांगू पाहत होत्या, पण ते चप्पल घालून थेट काउंटरवर गेले आणि आपली नावं होडीत टाकून आले. थोड्याच वेळात दुसऱ्या जिन्यानं अनिरुद्धराव काउंटरवर पोचले. मुलीच्या बापाचा शब्द आपण मोडला, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्यांनी आपली नावं बाजारात टाकली. काउंटरवरच्या मुलीनं दोघांनाही हसून बिल्ले दिले, कारण तिला हसायचाच पगार होता.

सकाळी धक्क्यावर गोपाळराव निळा बिल्ला लावून आले आणि अनिरुद्धराव पिवळा. दोघांनी एकमेकांच्या छातीकडे पाहिलं. काय झालं ते दोघांना कळलं, पण बोलणार कोण? आपण कुणासाठी बस बदलली हे सांगितलं, तर उपकार काढल्यासारखं झालं असतं. बस भरल्या होत्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते.

"मजा करा, इवाई," अनिरुद्धराव पडेल आवाजात म्हणाले.

"तुमी बी," गोपाळराव म्हणाले.

बायकांनी बिल्ले लावलेच नव्हते. आमचे पाय दुखतात, आम्ही इथंच धक्क्याजवळ बसतो, असं सांगून त्या दोघी रिक्षात बसल्या आणि दिसेनाशा झाल्या.

होडीत गोपाळरावांचं लक्ष नारळांकडे गेलंच नाही. पुलाच्या खांबावर ओल कुठवर आलीय हेच ते बघत राहिले आणि शेजारच्या नवपरिणीत जोडप्याला त्यांनी कालव्याला कधी, किती पाणी सोडायचं त्या पाळीपत्रकाची संपूर्ण माहिती दिली. जोडपं पुढच्या थांब्यावर दुसऱ्या होडीत गेलं. तिकडे बाजारात अनिरुद्धराव नाकाला रुमाल लावून उभे होते. एका दुकानदारानं त्यांच्या हातावर हळकुंड ठेवलं. सवयीनं त्यांनी ते मोडून पाहिलं, आणि शिंकता शिंकता त्यांची नजर पोत्यावर गेली. पोत्यावर वसमतच्याच एका आडतीचा शिक्का होता. एवढा समुद्र ओलांडून ते आपल्या शेजारच्या गाळ्यात येऊन उभे राहिले होते.

संध्याकाळी डेकवर चौघं जमली. फार छान झालं, असं दोघांनी एकमेकांना सांगितलं. मग अनिरुद्धरावांनी भेट म्हणून हळदीची पुडी पुढं केली आणि ती देतानाच त्यांना सलग शिंका आल्या. डोळे पुसत ते खाली बसले.

"इवाई, खरं सांगू का?" ते म्हणाले. "मला हळदीचा लई वैताग आला."

गोपाळरावांनी पुडी बाजूला ठेवली. "मला बी पाण्याचा," ते म्हणाले. मग, खरं बोलायला सुरुवात झालीच आहे तर, त्यांनी दोन वर्षं घशात अडकलेलं विचारून टाकलं. "अन् त्या फेट्याचा राग अजून हाय का?"

"आमाला कसला राग?"

"थोरल्या दादांच्या फेट्याचा. त्यांनाच बांधायचा राहिला न्हवता का?"

"राहिला कुठं?" अनिरुद्धराव चकित झाले. "फेट्यानं डोकं खाजतं म्हनून फेटे बांधायच्या वक्ताला दादा मांडवामागं लपून बसले होते. तुमी पोरीचे बाप, तुमाला काय वाटलं आसंल, या लाजेनं आमी तुमच्या घरी आलो न्हाई."

गोपाळरावांना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. एवढ्या पाण्याचा हिशोब ठेवलेला माणूस, पण ते त्यांना अडवता आलं नाही. मधुवंतीला कुणी काही ऐकवत नव्हतं, एवढंच त्यांना हवं होतं.

मग दोघांची नजर बायकांकडे गेली. त्या किनाऱ्यावर मनसोक्त हिंडून, शहाळी पिऊन, केसांत मोगरा माळून आल्या होत्या, आणि हसत होत्या.

"तुमाला हे ठाऊक होतं?" गोपाळरावांनी विचारलं.

"फेट्याचं आज शहाळं पिता पिता कळलं," नीलांबरीबाई म्हणाल्या. "पाण्याचं अन् हळदीचं काल जेवतानाच."

"मंग बोलल्या काहून न्हाई?"

"मानपानाचं तुमी पाहनार होता ना," त्या म्हणाल्या. "आमी बायका मधी कशाला बोलू?"

पुढच्या महिन्यात अनिरुद्धराव शालूबाईंना घेऊन सिद्धेश्वरला आले आणि दिवसभर धरणाच्या भिंतीवर बसून त्यांनी पोटभर पाणी पाहिलं. गोपाळराव बाजार बघायला वसमतला जायचे आहेत. भिंतीवरून घरी परतल्यावर नीलांबरीबाईंनी ताक घेणार की चहा, असं विचारलं. इवाई म्हणतील ते, असं दोघंही एकदम म्हणाले.

शालूबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन चौघांसाठी ताक ओतलं.