पाखरं नव्हेत, पत्रे

हवामान कार्यालयात रडारच्या पडद्यावर गरगरणाऱ्या वाऱ्याच्या लाल-हिरव्याला पीळ पडला होता आणि त्या पिळाच्या पोटात एक निळा ठिपका होता. धाकट्याने इशारा सोडला, शहरात भोंगे वाजायला लागले, आणि मग त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, तळघरात जा. टोर्नाडो तुझ्या गल्लीवर येतोय. फार तर बारा मिनिटं."

"गेल्या मंगळवारीही येत होता," ताई म्हणाली. "दीड तास खाली बसवलंस. वर आले तर आभाळभर पाखरं. गल्ली मला पाखरवाल्याची बहीण म्हणते."

"ही पाखरं नाहीत. पाण्याचा थेंब थेंबासारखा असतो, मशीनला ते ओळखता येतं. या निळ्या ठिपक्यात एकासारखं दुसरं नाही. पानं, फळ्या, पत्रे. लोकांची घरं वर गेलीत, ताई."

"कोणाचे पत्रे?"

"ते रडारला कळत नाही."

"मग कळतं काय तुझ्या त्या फिरत्या टोपल्याला?"

मागे साहेब येऊन उभे राहिले. "किती उंच गेलंय?"

"मघाशी दीड किलोमीटर होतं. आता अडीच."

साहेबांनी खुर्ची ओढली, पण ते उभेच राहिले. मोडतोड जितकी उंच, तितकं वाऱ्याच्या अंगात बळ.

"ऐकलंस ना ताई? अडीच किलोमीटर."

"मोजत बस. वारा सुटला की माझ्या पांघरुणात शिरायचास, विसरलास? तू आता मला वारा शिकवणार. माझी इस्त्री तापलीय." फोन बंद.

पुन्हा लावला, तिने तोडला. तिसऱ्यांदाही तोडला. ठिपका पुढे सरकला. शेवटी धाकट्याने ताईच्या समोरच राहणाऱ्या शिवणवाल्या काकूंना फोन केला.

"काकू, तुम्हाला तळघर नाही. ताईच्या तळघराचं अंगणातलं दार उघडंच असतं. जा, आत बसा."

"तिच्याकडे? दोन वर्षं बोलत नाही ती माझ्याशी. कोटाची बाही आखूड केली म्हणते. बाही बरोबर होती, हात लांब आहे तिचा."

"काकू, हात जोडतो."

काकू गेल्या. धाकट्याने दोन मिनिटं मोजली आणि ताईला फोन लावला. उचलताच एका दमात म्हणाला, "शिवणवाल्या काकू तुझ्या तळघरात बसल्यात."

पलीकडे इस्त्री दाणकन ठेवल्याचा आवाज. मग, "कोणाला विचारून?"

"मीच सांगितलं."

"माझ्या तळघरात? माझ्या बरण्यांशेजारी? थांब, दंडाला धरून बाहेर काढते."

"काढ. पण पळत जा."

फोनमधून पायऱ्यांवर आपटणाऱ्या चपला ऐकू आल्या, मग दार, मग "ऊठ माझ्या ट्रंकेवरून", आणि मग काहीच नाही.

पडद्यावर निळा ठिपका ताईच्या गल्लीवरून गेला. एवढासा होता, कुंकवाच्या टिकलीएवढा, आणि त्याच्याखाली बहीण होती. ज्या हातांनी त्याला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, ते हात त्या टिकलीखाली होते. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात कितीतरी वेळ तिथेच होता.

पाऊण तासाने ताईचाच फोन आला.

"छप्पर गेलं माझं. अख्खं."

"तू बरी आहेस ना?"

"बरी कसली? त्या बाईबरोबर पाऊण तास. हाकलायला गेले तर तिने माझा हात असा धरला की सोडेचना. नखं उमटलीत."

"रडतोस काय," ताई रागावून म्हणाली आणि स्वतःच नाक ओढलं.

आठवड्याने नुकसान पाहणारी माणसं गल्लीत फिरली आणि भरलेले फॉर्म कार्यालयात आले. साहेबांनी ताईचा फॉर्म धाकट्यापुढे सरकवला.

"याला इशाऱ्याचं यश म्हणता यायचं नाही," ते म्हणाले.

'इशारा मिळाल्यावर आपण सुरक्षित जागी गेलात का?' या प्रश्नापुढे ताईच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: नाही. शेजारणीला हाकलायला गेले.

त्याखाली 'सध्याचा मुक्काम' होता. तिथे रकाना पुरला नव्हता, मजकूर समासात चढला होता: समोर, शिवणवाल्या बाईकडे. तिच्या घराचा एक पत्राही हललेला नाही. ती आपल्या घरी बसली असती तरी चाललं असतं. रडारने याचा लेखी खुलासा करावा.