गयाबाईंचा नंबर

कडुबामामांचं कार्ड मी सुधारलं. सुधारायला नको होतं.

मामा कुंभार पिंपळगाव या गावचे आचारी. हजार माणसांची आमटी हा माणूस पळीच्या टोकावर चाखून 'मीठ दोन मुठी' सांगतो. आणि जिथं स्वयंपाक, तिथं धंद्याच्या कार्डांचं वाटप. नवीन जालन्यात स्टेशनजवळ माझी छोटीशी प्रेस आहे, कार्डं माझ्याकडंच छापायची. नेली की ती येसराच्या डब्यात, म्हणजे आमटीच्या मसाल्यात, ठेवायची. "कार्ड हरवतं भाऊ, वास हरवत न्हाई."

वाटायचेही शास्त्रानं. "भुकेल्या माणसाला देऊ न्हाई, चुरगाळून टाकतो. दुसऱ्यांदा जिलेबी पडली की मंग द्यावं." तेही बायकांच्या पंगतीत. "तारीख बाप्ये धरतात, आचारी बाया धरतात." माझ्या मेव्हण्याच्या लग्नात अक्षता पडून तास झाला नव्हता, तर मामांनी नवरीच्या हातात कार्ड ठेवलं. बारशासाठी.

त्या कार्डावर पाय ठेवायला जागा नव्हती. गणपती, कढई, सतरा पदार्थ, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'गयाबाई व कडुबा, आचारी'. फोन नंबर दोन. पहिला गयाबाईंचा, म्हणजे मामींचा. पुरणपोळ्यांचं काम मामींकडं, त्यामुळं बायका त्यांनाच फोन करायच्या. दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. मामा तेच कार्ड छापून घेत राहिले.

अशात मी कार्डातून गिऱ्हाईक कसं ओढायचं, हे शिकवणाऱ्या एका शिबिराला जाऊन आलो. जेवण फुकट होतं म्हणून गेल्तो, तज्ज्ञ होऊन परतलो. माझ्या स्वतःच्या प्रेसचं कार्ड आजतागायत नाही, पण मामांना मी अर्धा तास शिकवलं. एक नाव, एक नंबर, बाकी कोरी जागा.

"तिचं राहू द्या की," मामा म्हणाले.

"मामा, लोक गोंधळतात. आणि गेलेल्या माणसाचा नंबर कशाला?"

मामांनी नमुन्याचा कागद चाचपला. "तुम्ही शिकून आलेले. करा तुमच्या मनानं."

कार्ड चाललं. पार हसनाबादहून बोलावणी यायला लागली. प्रेसमध्ये येईल त्याला मी हा किस्सा ऐकवायचो. त्यात स्वयंपाक मामांचा असला तरी कर्तबगारी माझी असायची.

चार महिन्यांनी मामा आले. उरलेली कार्डं त्यांनी टेबलावर ठेवली.

"जुनं छापा."

"का? काम वाढलं ना?"

"वाढलं की." त्यांनी खिशातून बटणांचा एक फोन काढला. मामींचा. रुमालात गुंडाळलेला. "पण हा वाजतच न्हाई."

मला वाटलं बिघडला. "बघू, बॅटरी काढून बघतो," म्हटलं. मामांनी हात मागं घेतला.

"बिघडला न्हाई. रोज चार्ज करून राह्यलो. आधी वाजायचा. नवी माणसं विचारायची, गयाबाई हायेत का? मी म्हणायचो, हायेत की, पुरण वाटून राह्यल्या, मला सांगा." ते फोनकडंच बघत होते. "तेवढंच व्हतं."

अशा वेळी नसती शक्कल लढवू नये, एवढं शिबिरात शिकवत नाहीत. जुन्या कार्डाचा नमुना ड्रॉवरमध्ये होता. टेबलाखाली माझा मोबाईल धरून मी त्यावरचा पहिला नंबर लावला.

फोन वाजला. मामा ताडकन उठले. सदऱ्याला हात पुसले, फोन कानाला लावला. "हां, बोला!" आवाज एकदम तरणा झाला होता.

मी मान वळवली, आवाज बदलला. "गयाबाई आहेत का?"

माझा आवाज त्यांना दोनदा ऐकू गेला, एकदा फोनमधून, एकदा समोरून. त्यांनी फोन हळूच कानावरून खाली घेतला. डोळे भरून आले होते, बोलले मात्र कडक.

"समोर बसून लावता व्हय? जरा बाहेर तरी जायचं व्हतं. येवढी पण अक्कल न्हाई तुम्हाला."