बारशाआधीचं अपडेट

चालत्या गाडीला खीळ घालायला मूर्खच माणूस लागतो असं नाही. थोडीशी जादा हुशारीही पुरते. किन्हवलीच्या अनंतराव घोडविंद्यांकडे ती होती. भातसानगरच्या धरण वसाहतीत ते कारकून. कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो खोक्यातून बाहेर काढायचा मान त्यांना मिळाला होता, आणि तेव्हापासून आपल्याला त्यातलं कळतं असा त्यांचा समज होता. (असा समज झालेला माणूस सुखात असतो. भोगायचं घरच्यांनी.)

ही २००९ सालची गोष्ट. त्यांचा मुलगा अनिल बहारीनला एसी बसवायच्या कामावर होता आणि तिकडेच त्याला मुलगी झाली. नातीला अजून कुणीच पाहिलं नव्हतं. आता नाव ठेवायचं आत्याने, आणि आत्या म्हणजे दिपिका, तिला दिलेली टोकावड्याला. बहारीनला जायचं तर विमान लागतं, आणि टोकावड्याहून तसली काही सोय नाही. तेव्हा बारसं कॅमेऱ्यावर करायचं ठरलं. अनिलच्या खोलीवर नेट नव्हतं, म्हणून तो शुक्रवारच्या सुट्टीत बायको-मुलीला घेऊन लांबच्या गावी एका मित्राकडे जाणार होता. इकडे अनिलनेच दिलेला लॅपटॉप होता, फोनच्या लाइनीवर नेट होतं आणि माजघरात वायरलेस राउटर होता. तो पडवीपर्यंत झकास चालायचा.

तो झकास चालतोय, हेच अनंतरावांना बघवलं नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी त्यांनी राउटर कंपनीची वेबसाइट उघडली. फर्मवेअरची, म्हणजे राउटरच्या पोटातल्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती आली होती आणि ती घ्यावी अशी शिफारस होती. दुसऱ्या कुणी ते वाचून सोडून दिलं असतं. पण सरकारी कारकुनाला नवीन परिपत्रक दिसलं की जुनं आपोआप रद्द होतं. अनंतरावांनी चहा संपायच्या आत अंमलबजावणी करून टाकली. राउटरचे दिवे गेले, परत आले, आणि त्यांनी मीनाबाईंना हाक मारून सांगितलं की आता रेंज वाढली.

थोड्याच वेळात नेट गेलं. आलं. मीनाबाई बघायला आल्या तसं पुन्हा गेलं.

मग दुरुस्ती सुरू झाली. आधी बंद करून चालू केलं, मग जरा जास्त वेळ बंद ठेवून चालू केलं. हेल्पलाइन लावली, तर तिथल्या माणसाने हिंदीत विचारलं की राउटरजवळ मायक्रोवेव्ह किंवा माशांची काचपेटी आहे का. अनंतराव म्हणाले, भाताची कणगी आहे आणि पाण्याचा पत्र्याचा ड्रम आहे. पलीकडच्याने ते लिहून घेतलं. मग राउटर देव्हाऱ्याच्या फळीवर चढला, तिथून कपाटावर गेला. शेवटी अनंतरावांनी मागच्या भोकात पिन खुपसली, तेव्हा नेटचं नाव आणि पासवर्ड दोन्ही पुसले गेले. ते परत मिळवायला त्यांना मोटारसायकलवरून शहापूरची टेलिफोन कचेरी गाठावी लागली. पासवर्ड मिळाला, रोग तसाच राहिला.

जुनं फर्मवेअर परत टाकायचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता असं नाही. पण वेबसाइटवर लिहिलं होतं की मागे जाऊ नये. लिहिलेलं मोडायची त्यांना सवय नव्हती.

"अवो, चालत होतं ना?" मीनाबाईंनी विचारलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं विचारून गोधडी शिवायला बसल्या, आणि अनंतरावांना रात्रीचं जेवण गेलं नाही. ही बाई महिनाभर नातीसाठी गोधडी शिवत होती, आणि आपण तिच्या तोंडचा घास आपल्या हाताने काढला, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

शुक्रवारी आळीतल्या बाया जमल्या. धोंडीबाई सगळ्यांत वडील, म्हणून विधी त्यांच्या हुकमाने. पडवीच्या कडीला पाळणा टांगला होता. पाळण्यात ठेवायला लेकरू नव्हतं, म्हणून त्यांनी लॅपटॉपला कुंकू लावून, गोधडी अंथरून त्यालाच आत ठेवला. अनंतराव म्हणाले की माजघरात राउटरजवळ बसू, तर धोंडीबाईंनी सरळ सांगितलं, "टांगलेला पालना आता हलायचा नाय." वायर जोडावी म्हटलं, तर खोक्यातून आलेली पिवळी वायर अनंतरावांनीच पडवळाच्या मांडवाला बांधून टाकली होती. (वायरलेस घेतल्यावर वायर कशाला, हा त्यांचा तर्क. तर्कात चूक नव्हती.)

कॅमेरा लागला. पडद्यावर अनिल दिसला, सून दिसली, आणि दुपट्यातून एक मूठ बाहेर आली. बायांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत लॅपटॉप पाळण्याच्या खालून वरून फिरवला. बहारीनवाल्यांना त्यात किन्हवलीची कौलं, धोंडीबाईंचा पदर आणि पुन्हा कौलं एवढं दिसलं. दिपिका नाव सांगायला वाकली, आणि अनिलचं तोंड उघडं ते उघडंच राहून चित्र थिजलं.

पडवीतल्या सगळ्यांनी फक्त अनंतरावांकडे पाहिलं.

ते माजघरात धावले आणि त्यांनी कपाटावरचा राउटर उचलला, फेकून द्यायचा तर फेकून द्यायचा म्हणून. तोच बाहेरून आरडा झाला, की आली, पोरगी आली. खाली धरला की गेली. वर धरून दाराकडे आणला की आली. फोनची आणि विजेची वायर जेमतेम उंबऱ्यापर्यंत पुरत होती. अनंतराव उंबऱ्यात स्टूल ठेवून वर चढले आणि दोन्ही हातांनी राउटर डोक्यावर धरून उभे राहिले.

"बाबा, आता हलू नका," दिपिका म्हणाली.

ते हलले नाहीत. समोर बायांची डोकी होती, आणि डोक्यांपलीकडे कुठेतरी पडदा होता. त्यांना दिपिकाचं कुर्र ऐकू आलं, मनस्वी हे नाव ऐकू आलं, दिपिकाच्या पाठीत पडलेले धपाटे ऐकू आले. मीनाबाईंचं हसता हसता रडणंही ऐकू आलं. पोरगी कुणासारखी दिसते यावरून आळीत वाद सुरू झाला. नाक आजाचं आहे असं कुणीतरी म्हणालं. अनंतरावांचे हात भरून आले होते, नाकाला खाज सुटली होती, आणि ते नाक एकदा बघावं असं त्यांना फार फार वाटत होतं.

सगळ्यांचं बघून झाल्यावर मीनाबाईंना आठवण झाली. "अवो, या ना, तुमी पन बघा."

अनंतराव घाईने उतरले. पाय वायरीत अडकला, राउटर उंबऱ्यावर आपटला आणि त्याचे दिवे गेले ते कायमचेच.

संध्याकाळी मीनाबाईंनी त्यांच्या दंडाला तेल चोळलं. त्या म्हणाल्या, "पोरगी सारखी तुमच्याकडंच बघत होती. आमच्या कुनाकडं बघाया तयार नाय." अनंतरावांनी दुसरा दंडही पुढे केला. कालपासूनचं सगळं फिटलं असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात अनिलचा फोन आला. तो म्हणाला, "बाबा, तुमचं तोंड दिसलंच नाय. बायांच्या डोक्यावर नुसते दोन हात, आन मधी हिरवे दिवे लुकलुकताना. मनू तेच बघत होती." मग त्याने असंही सांगितलं, की खोलीवर परत आल्यावर कपडे धुवायला लावले, तिथेही हिरवा दिवा लुकलुकला, आणि सूनबाई तिला तिकडे वळवून सांगत होती, ते बघ तुझे आजोबा.

त्यामुळे नवा राउटर येईपर्यंत अनंतराव बहारीनमध्ये वॉशिंग मशीन म्हणून ओळखले जात होते.